चार सेंटिमीटर

आहारवाल्या बाईंनी आडवी पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली, मान वाकडी करून आकडा वाचला आणि म्हणाल्या, "एकशे अडुसष्ट." तो भिंतीला पाठ लावून उभा होता, टाचा जुळवून, शाळेत कवायतीला उभं राहावं तसा. "बाहत्तर," तो म्हणाला, "एकशे बाहत्तर. फायलीत असेल बघा." बाईंनी फाइल उघडली. चार वर्षांपूर्वी, डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, कुणाच्या तरी गोल अक्षरात तिथं खरंच एकशे बाहत्तर लिहिलेलं होतं. "मग जरा ताठ उभे राहा," त्या म्हणाल्या. त्याच्या मते तो आधीही ताठच होता. दुसऱ्यांदा अडुसष्ट. तिसऱ्यांदा बाईंनी त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून मान सरळ केली, त्यानं पोट आत ओढलं, श्वास रोखला, आणि पट्टी खाली आली ती पुन्हा तिथंच. "कधीकधी आधी लिहिणाऱ्याची चूक असते," बाई म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि अडुसष्टच्या खाली पेनानं दोनदा रेघ मारली. बूट घालायला तो वाकला तेव्हा त्याला उगाचच वाटलं की जमीन पूर्वीपेक्षा लवकर आली.

नंतर त्यांनी त्याला पलंगावर निजवलं आणि उजव्या मनगटाला आणि उजव्या घोट्याला चिकटपट्ट्या लावल्या. डावा हात सोडून दिला, कारण डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी मुद्दाम फुगवलेली शीर होती आणि त्या हाताला कुणी हात लावत नसे, तो स्वतःसुद्धा झोपेत त्या कुशीवर वळत नसे. अंगातून वीज जाणार, पण कळणार नाही, असं बाई म्हणाल्या. आयुष्यभर विजेशी खेळलेला माणूस तो, त्याला हसू आलं. खरंच काही कळलं नाही. यंत्रानं एक कागद बाहेर टाकला. त्याचं वजन चौसष्ट किलो होतं. गेली चार वर्षं चौसष्टच होतं. मशीननं अंगातलं जास्तीचं पाणी काढून घेतल्यावर जे उरतं त्याला तिथं कोरडं वजन म्हणत, आणि शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं महिन्या-महिन्याला झडत असताना आपलं कोरडं वजन जागचं हललं नाही याचा त्याला गर्व होता. कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. "वजन तेवढंच आहे हो," बाई कागदावर बोट फिरवत म्हणाल्या, "पण आत अदलाबदल झालीय. स्नायू सहा किलोंनी उतरलेत. त्यांच्या जागी चरबी आलीय, थोडं पाणी." त्या समजुतीच्या सुरात बोलत होत्या, पण त्याला ते चोरीची खबर द्यावी तसं ऐकू आलं. घराला कुलूप तसंच, खिडक्या तशाच, आणि आत कपाटातल्या वस्तू कुणीतरी एकेक करून बदलून नेलेल्या. त्यानं दंड चाचपून पाहिला. याच हातांनी तो लिफ्टच्या अंधाऱ्या बोळात लोखंडी कडीला धरून लटकायचा, दुसऱ्या हातानं पाना फिरवायचा, खालून सोबतीचा मेकॅनिक ओरडायचा, "उस्ताद, पट्टा बांधा की!" आणि हा वरून म्हणायचा, "पट्टा तुला बांध, मला दोन हात आहेत." सव्वीस वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मग किडन्या गेल्या, आणि कंपनीनं भल्या मनानं त्याला दोरावरून उतरवून तक्रार-केंद्रातल्या खुर्चीवर बसवलं. लग्न झालं नव्हतं. ते का झालं नाही याची कारणं पूर्वी त्याला पाठ होती. आता ती नीटशी आठवतही नसत.

त्याच आठवड्यात हाडांचं स्कॅन झालं. उताणं निजायचं, पायांखाली ठोकळा, आणि अंगावरून एक पांढरा दांडा संथपणे सरकत जायचा. शुक्रवारी डॉक्टरांनी पडद्यावर त्याचा कणा दाखवला. स्वतःचा कणा त्यानं पहिल्यांदाच पाहिला. धुकट, करडा, कुणाचाही असता. "हे मणके बघा, चौकोनी आहेत. आणि हे दोन." डॉक्टरांनी पेन टेकवलं. ते दोन पुढून चेपलेले होते, दाराखाली सरकवायच्या पाचरीसारखे. "मोडलेत?" "दबलेत. मोडणंच ते, पण आवाज न करता. पडला होतात का कधी?" "नाही." "पाठीत एकदम कळ आली होती? काही जड उचलताना?" "नाही," तो म्हणाला. "जड काही नाही." मग डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यात चार बारक्या ग्रंथी असतात, डाळीच्या दाण्याएवढ्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं त्यांचं काम. किडन्या गेल्या की त्या बिथरतात आणि रात्रंदिवस हाडांतून कॅल्शियम ओढत बसतात. त्याच्या चारही फुगल्या होत्या. औषधं देऊन झाली होती. आता काढाव्या लागतील. "नाही काढल्या तर?" "तर पुढचं हाड कशानं मोडेल ते मी सांगू शकत नाही. शिंकेनंसुद्धा मोडेल." डॉक्टर तरुण होते, पण थट्टा करत नव्हते. "सोमवारी दाखल व्हा. पहाटेच डायलिसिस करू, नंतर ऑपरेशन. नंतरचे चार-पाच दिवस महत्त्वाचे असतात, त्यामुळे जवळ माणूस हवं. सहीलाही. कोण येईल?" "बघतो," तो म्हणाला. डॉक्टरांनी फॉर्ममधली ती जागा रिकामी ठेवली आणि फॉर्म त्याच्या हातात दिला.

जड काही नाही, हे तो खोटं बोलला नव्हता. आई शेवटी अडतीस किलोंची होती. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली तेव्हापासून दीड वर्ष तो तिला उचलत होता: सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, दुपारी पुन्हा पलंगावर. डायलिसिसच्या दिवशी शेजारची बाई यायची, बाकीचे दिवस त्याचे. उचलण्याची एक रीत त्याला सापडली होती. आधी तिचा डावा हात आपल्या गळ्यात घालायचा, मग एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, मग श्वास सोडत उठायचं. ती मान वळवून भिंतीकडे बघायची. मुलानं आपल्याला असं उचलावं याची तिला लाज वाटायची, आणि लाज लपवायला ती काहीतरी भलतंच बोलायची. खिडकीला जाळं धरलंय, किंवा तुझे केस वाढलेत. एका दुपारी उचलताना त्याच्या पाठीत काहीतरी झालं. कळ नव्हे, ओली काठी मोडावी तसं, आवाजाशिवाय. डोळ्यांपुढं पांढरं झालं. तो तसाच उभा राहिला, आई हातात. टाकता येईना आणि ठेवताही येईना. "लागलं का रे?" आईनं विचारलं. तिची जीभ जड झाली होती, पण ते तीन शब्द तिनं स्वच्छ उच्चारले. "छे," तो म्हणाला, आणि तिला पलंगावर ठेवलं, चादर नीट केली, स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला धरून बराच वेळ उभा राहिला. नंतर पंधरा दिवस बूट घालताना जीव जायचा. तो म्हणाला, वय झालं. तेव्हाच एक मणका गेला असणार. दुसरा कधी गेला, कुणास ठाऊक. आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि बसमध्ये उभ्याउभ्या फॉर्म हातात धरून त्याला वाटलं की ती गेली तेव्हा सगळीच गेली नाही, थोडीशी माझ्या पाठीत राहिली. या विचारानं त्याला बरं वाटलं. कुणाला सांगावा असं वाटलं, आणि कुणाला सांगायचं याचा विचार करता करता त्याचा थांबा निघून गेला.

शनिवारी डायलिसिस झालं आणि तिथून तो तसाच कामावर गेला. सुट्टी होती खरं म्हणजे, पण घरी जाणं जिवावर आलं होतं. तक्रार-केंद्राची खोली लांबट होती. चार टेबलं, चार फोन, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा. बाकीचे तिघं फोनवर घाईत असत: पत्ता सांगा, मजला सांगा, माणूस निघालाय. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं काम मात्र आपसूक त्याच्याकडे यायचं. त्याला ते जमायचं. लिफ्टच्या आत काय दिसतं, कुठला आवाज भिण्यासारखा आणि कुठला नाही, हे त्याला डोळे मिटूनही माहीत होतं. त्या दुपारी एक म्हातारी बाई पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आवाजावरून शिक्षिका वाटली; घाबरलेली असूनही वाक्यं पूर्ण करत होती. "दिवा आहे का?" "आहे." "मग काही बिघडलं नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसा." "खाली बसले तर उठायची नाही मी." "तेव्हा आमचा माणूस हात देईल. तो निघालाय." माणूस अजून शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, पण हे खोटं त्याच्या कामाचाच भाग होतं. "कट्कट् आवाज येतोय हो." "तो ब्रेकचा. त्यानं तुम्हाला घट्ट धरून ठेवलंय." पलीकडून पर्स उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही आहात ना?" "आहे." "बोलत राहा. काहीही बोला. घरी कोण असतं तुमच्या?" समोरच्या टेबलावरचा सहकारी डबा खात होता, त्याच्या चावण्याचा आवाज येत होता. "बहीण आहे," तो म्हणाला. "मोठी?" "धाकटी." "भांडता का?" "नाही." "भांडत नाही?" ती बाई पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये बसून चक्क हसली. "मग कसली बहीण ती! आमचा भाऊ गेला तोपर्यंत भांडत होतो. दोन दिवस भांडला नाही की मी घाबरून फोन करायची." चाळीस मिनिटांनी दार उघडल्याचा आवाज आला, माणसांचे आवाज आले, आणि फोन बंद झाला. आभार मानायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, तसं तिच्याही राहिलं नाही. त्याच्या हातात रिसीव्हर गरम झाला होता.

धाकटीशी तो चार वर्षं बोलला नव्हता. म्हणजे आई गेली तेव्हा ती आली होती, चार दिवस राहिली होती. भांडी कुठं आहेत, चावी कुठं आहे, एवढं बोलणं झालं होतं. त्याला बोलणं म्हणायचं तर म्हणावं. त्याआधी, किडन्या गेल्या तेव्हा, तिनंच आपण होऊन सांगितलं होतं की माझी एक घे. तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले होते, इतकं जुळणं नशिबात असावं लागतं. तारीख ठरली. आणि तारखेला अकरा दिवस असताना तिचा फोन आला. "दादा, मला नाही जमणार." त्यानं 'का' म्हणून विचारलं नाही. "चालेल," म्हणाला. एवढाच शब्द. त्या एका शब्दाचा त्याला पुढं फार अभिमान वाटत आला. आपण तिला एका अक्षरानं दुखावलं नाही, असं तो स्वतःला सांगे. फक्त त्यानंतर त्यानं तिचा फोन उचलला नाही. आई दोघांच्या मध्ये निरोप ने-आण करायची. धाकटीची मुलगी पास झाली. धाकटीला शाळेत भूगोलाबरोबर इतिहासही शिकवायला लागतो. तो जेवत राहायचा. खिशातल्या घडी घातलेल्या फॉर्मला हात लावत त्यानं आकडे फिरवले. नंबर पाठ होता, याचंच त्याला नवल वाटलं.

"हॅलो." "मी." पलीकडं कुठंतरी नळ वाहत होता, तो बंद झाला. "दादा? काय झालं?" काय झालं ते कुठून सांगायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. "माझी उंची कमी झालीय," तो म्हणाला. "काय?" "चार सेंटिमीटर." ती हसली. हसू फुटलं तसंच मध्येच तुटलं, आणि नंतर फक्त श्वास ऐकू येत राहिला. त्यानं ऑपरेशनचं सांगितलं, फॉर्म वाचून दाखवावा तसं. "सहीला कुणीतरी लागतं." "कधी?" "सोमवारी." "उद्या येते," ती म्हणाली आणि फोन ठेवायच्या आधी, घाईघाईनं, "ठेवू नकोस हं, मीच ठेवते."

नऊ तासांचा प्रवास करून ती रविवारी दुपारी आली. दार उघडल्यावर दोघांनाही काय करावं सुचेना. पूर्वी ती त्याच्या कानाएवढी होती, खांद्याला डोकं टेकून वर बघत बोलायची. आता तिची नजर जवळजवळ सरळ आली, आणि तिच्या डोळ्यांतून काहीतरी सरकून गेलं. ती लगेच पिशवी उचलून आत गेली. तिचे केस कडेनं पांढरे झाले होते. ती घरभर फिरली, शेवटी आईच्या खोलीत गेली. पलंग त्यानं तसाच ठेवला होता, गादीवर जुन्या चादरी रचून. ती पलंगाच्या कडेवर बसली. तो दारात उभा. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचांचं ऊन येऊन भिंतीवर हलत होतं. "दादा, एक सांगायचंय," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी सांगू नये बहुतेक. पण नंतर मला धीर व्हायचा नाही." "सांग." ती चादरीच्या कडेचा दोरा ओढत राहिली. "ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा आई माझ्याकडे आली होती. दोन दिवस. तूच तिला गाडीत बसवून दिलं होतंस." त्याला आठवलं. आईनं नवीन चपला घातल्या होत्या. "ती म्हणाली, देऊ नकोस. म्हणाली, माझी दोन्ही लेकरं अशी झालेली मला बघवणार नाहीत. एक तर नीट राहू दे."

भिंतीवरचं ऊन हलत होतं. "आणि तू ऐकलंस," तो म्हणाला. "ऐकलं." मग तिनं मान वर केली. "खरं सांगू? तिच्यावर ढकलत नाही मी. मी फार घाबरले होते. झोप उडाली होती माझी. कुणीतरी मला नको म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तिनं म्हटलं आणि मी सुटले. त्या रात्री शांत झोपले, दादा. ते मला अजून—" दोरा तुटून तिच्या हातात आला. "पण तू माझा फोन घ्यायचा नाहीस आणि तिच्या हातचं जेवायचास. ते मला सहन व्हायचं नाही. आणि तुला सांगावं तर तुझ्याजवळ तीच एक होती. ती कशी काढून घेऊ?" तो म्हणाला, "पुढच्या खोलीत तुझं अंथरूण घातलंय." हे वाक्य आपण का बोललो हे त्याला कळलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला. तिथं ओट्याशी उभं राहून त्याला आईचा उभ्यानं स्वयंपाक करणारा पाठमोरा देह दिसला. ती आजारी पडायच्या आधीची पावणेदोन वर्षं. भाज्यांतला क्षार त्याला चालत नसे, म्हणून ती प्रत्येक भाजी बारीक चिरून उकळायची, पाणी ओतून टाकायची, पुन्हा नव्या पाण्यात उकळायची. डॉक्टरांनी एकदाच उकळा म्हणून सांगितलं होतं. ती दोनदा उकळायची. भाजीला काही म्हणजे काही चव उरत नसे. स्वतःही तेच खायची. "तू कशाला? तुला काय धाड भरलीय?" तो म्हणायचा. "मला आवडतं असं," ती म्हणायची. त्या दोनदा उकळण्यात काय होतं? माया होती की फेड? की रोज त्याला डायलिसिसहून पिवळाफटक होऊन येताना बघत राहायचं, आणि हे आपण निवडलेलं आहे हे कुणापाशी बोलायचं नाही, म्हणून हातांना लावून घेतलेलं काम होतं ते? विचारायला हवं होतं. राग यायला हवा होता, आणि तो येतही होता, छातीत वर चढत होता, पण ज्या माणसावर तो काढायचा ते माणूस उरलं नव्हतं. आणि ते होतं तेव्हा त्यानं त्याला गळ्यात हात घालून उचललं होतं. आपणच या घरात एकटे आहोत असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. समोरासमोर बसून जेवणारी ती दोन एकटी माणसं होती. एकाला ते माहीत होतं, एकाला नव्हतं, एवढाच फरक. त्यानं चहा टाकला. कप अर्धाच भरला. तो कप घेऊन आत गेला तेव्हा ती तशीच बसली होती, आणि त्यानं कप तिच्या हातात देताना म्हटलं, "मीही तेच म्हटलं असतं कदाचित. मला पोरं असती तर." हे खरं आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. तिनं कप घेतला, पण प्यायली नाही. तो निवेपर्यंत दोन्ही हातांत धरून बसली.

सोमवारी ऑपरेशन झालं. चारही ग्रंथी काढल्या आणि एकीचा चिमूटभर तुकडा उजव्या दंडात पेरून ठेवला, कारण अगदीच नाही असंही चालत नाही, असं सर्जन म्हणाले. मंगळवारी सकाळी त्याला जाग आली ती ओठांभोवती मुंग्या घेऊन. आधी ओठ, मग बोटांची टोकं, मग तळहात आपोआप आत वळायला लागले, कुणीतरी आतून दोरी ओढावी तसे. धाकटीनं धावत जाऊन परिचारिकेला आणलं. रक्त घेतलं, सलाइनमधून कॅल्शियम सोडलं, खडूसारख्या मोठ्या गोळ्या चघळायला दिल्या. तरुण डॉक्टर आले आणि आकडे बघून म्हणाले, "असंच व्हायला हवं. हाडं भुकेली आहेत. इतकी वर्षं त्यांच्यातून नुसतं ओढलं गेलंय ना. आता ओढणारं गेलं, म्हणून ती रक्तातलं सगळं कॅल्शियम गटागटा घेतायत. आपण देत राहायचं, ती घेत राहतील." "किती दिवस?" धाकटीनं विचारलं. "पोट भरेपर्यंत." "आणि उंची?" "ती परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे तेवढी टिकेल." ते गेल्यावर तो छताकडे बघत पडून राहिला. अंगात आपल्याला न विचारता काहीतरी खात होतं, आणि ते वाईट नव्हतं. पाठीतल्या त्या दोन चेपलेल्या मणक्यांनाही त्यातलं काही मिळत असेल. दर दोन तासांनी धाकटी गोळी हातावर ठेवायची, तो चघळायचा, तोंडात खडूची पूड व्हायची, तिला तो "बाई, फळा पुसून झाला" म्हणायचा, आणि ती भूगोलाच्या बाईंसारखी डोळे मोठे करायची. अधूनमधून त्यांची नजर एकमेकांना चुकवायची. चार वर्षं म्हणजे चार वर्षं. ती अशी एका आठवड्यात कुठं जाणार होती.

बुधवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की ती सारखी बाहेर जाते. तासाभरानं उठायची, "आलेच" म्हणायची, दोन मिनिटांनी परत यायची. फोन करत नव्हती. गुरुवारी दार थोडं उघडं राहिलं तेव्हा त्याला दिसलं. बोळाच्या टोकाला, खिडकीपाशी, त्याच्याकडे पाठ करून ती बाटलीतून पाणी पीत होती. घाईघाईनं, चोरून खावं तसं. त्याला दिवसाला लिटरभर पाणी मिळायचं, तेही औषधांसकट. तहान हा त्याचा कायमचा शेजारी होता. ती परत आली, ओठ पुसलेले, बाटली पिशवीच्या तळाशी. खोलीत उकडत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, तिच्या कमरेकडे, साध्या सुती कापडाआड जिथं त्या दोन्ही असतील तिथं, आणि बघतोय हे लपवलं नाही. "काय रे?" ती म्हणाली. "बाटली काढ," तो म्हणाला. "कसली?" "पाण्याची. इथं बसून पी." "दादा, तुला—" "पी म्हणतो ना. तुला दोन आहेत, दोन्हींना पाणी लागतं." ती त्याच्याकडे बघत राहिली. तोंड वेडंवाकडं झालं, रडेलसं वाटलं, रडली नाही. तिनं बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि त्याच्या समोर, पलंगाच्या कडेला बसून, मान मागं टाकून प्यायला लागली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. एक घोट, दुसरा, तिसरा. त्यानं डोळे मिटले आणि ऐकत राहिला. थांबल्यावर म्हणाला, "अजून आहे त्यात. संपव."